माणसाचा आवाज : हो / नाही

या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे आणि आजवर इथे फक्त हसण्याचे इमोजी टाकले आहेत. कुणाच्या आत्याला पिंपळाखाली हाक ऐकू आली, कुणाच्या फ्लॅटमधला नळ आपोआप सुरू झाला... मी वाचायची आणि मनात म्हणायची, अहो, प्लंबर बोलवा. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सची बी.एस्सी. आहे. आवाज म्हणजे हवेचा दाब, तो मोजता येतो, एवढं मला कळतं, आणि माझी नोकरीच मुळी आवाज ओळखण्याची होती. म्हणून जे झालं ते सांगताना मला भीती वाटत नाहीये. लाज वाटते आहे. कशाची, ते वाचाल तेव्हा कळेलच. कुणाला हसायचं असेल तर हसा, मी तरी आजवर दुसरं काय केलं?

नावं बदलली आहेत. ज्या शहरात हे झालं त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण केस अजून चालू आहे.

आम्ही इलिनॉयमध्ये, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहतो, रूट ५९ च्या स्टेशनपासून गाडीने सात मिनिटांवर. नवरा मंदार, पुण्याचा, शिकागोला आयटीत. मुलगी इरा, वय पंधरा, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. मी अमरावतीची. बेसमेंटमध्ये वॉशर-ड्रायरच्या शेजारच्या खोलीत माझं ऑफिस होतं. दोन स्क्रीन, एक भारी हेडफोन आणि दारावर इराने लावलेली पाटी — "आई इज लिसनिंग".

काम काय होतं ते नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथल्या काही शहरांत पोलिसांसाठी खांबांवर आणि इमारतींच्या छतांवर मायक्रोफोन बसवलेले असतात. गोळीबारासारखा आवाज झाला की तीन-चार मायक्रोफोन तो पकडतात, कुठल्या मायक्रोफोनला तो कधी पोचला यावरून कॉम्प्युटर जागा शोधून काढतो, आणि ती काही सेकंदांची क्लिप आमच्यासारख्या माणसांकडे येते. आम्ही रिव्ह्यूअर. एका मिनिटाच्या आत ऐकायचं आणि तीनपैकी एक बटण दाबायचं : गनफायर, फटाके किंवा इतर. गनफायर म्हटलं की जवळच्या पोलीस गाडीत पत्ता जातो. कुणी फोन करण्याची वाट बघायची नाही.

या तीन बटणांच्या खाली एक छोटा चौकोन होता. "ह्यूमन व्हॉइस? यस / नो." क्लिपमध्ये कुणाचं बोलणं आलं असेल तर प्रायव्हसीचा प्रश्न येतो. म्हणून 'यस' केलं की क्लिप तिथेच थांबायची. काय बोललं गेलं आणि कुठल्या भाषेत, ते टाइप करावं लागायचं, आणि दुसऱ्या रिव्ह्यूअरने ऐकल्याशिवाय ती पोलिसांकडे जायची नाही. दोन-तीन मिनिटं जायची त्यात. ही आमच्या कंपनीची पद्धत झाली, दुसरीकडे काय करतात मला माहीत नाही.

माझा कान तयार आहे असं मी चारचौघांत सांगायची. नोकरीच्या टेस्टमध्ये बंदूक कुठली आणि फटाका कुठला हे ओळखताना अमेरिकन पोरं गडबडली. मी नाही. लवंगी, लक्ष्मी बार, सुतळी बॉम्ब — आपण यातच लहानाचे मोठे झालो. मंदार मला "गोळीवाली बाई" म्हणायचा, आणि मला ते आवडायचं.

शिरीषकाकांकडे जेवायला गेलो की या कामावरून वाद ठरलेला. काका इथल्या मराठी मंडळींतले ज्येष्ठ, निवृत्त सर्जन, आयुष्यभर शिकागोच्या हॉस्पिटलांत काढलेलं.

"गोळी लागलेला माणूस फोन करत नाही गं, तो पडून असतो," काका म्हणायचे. "आणि शेजारी म्हणतात, कोण लफड्यात पडणार! टेबलावर माझ्यासमोर गेलेत लोक. दहा मिनिटं आधी आणले असते तर वाचले असते. हिचं मशीन त्या दहा मिनिटांसाठी आहे."

"बट काका," इरा, "पोलीस येतात ना, दे ऑलरेडी थिंक समवन हॅज अ गन. मग तिथे जो कोणी उभा असेल, ही इज द गाय विथ द गन. आणि ते माइक्स पुअर नेबरहुडमध्येच का? आपल्याकडे का नाही?"

"आपल्याकडे कोण गोळ्या झाडतंय?" मंदार म्हणाला.

"नोबडीज लिसनिंग, बाबा. हाउ वुड यू नो?"

मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी पुरी वाढता वाढता म्हणायची, "अरे, मध्ये मी आहे ना! मशीन चुकेल, पण ऐकायला माणूस बसलाय." फार ऐटीत म्हणायची मी हे.

ज्या रविवारबद्दल सांगणार आहे त्याच्या तीन आठवडे आधी माझी एक चूक झाली होती. खऱ्या गोळ्यांना मी 'फटाके' म्हटलं. एक बाई आपल्याच घराच्या पायऱ्यांवर पडून राहिली, बऱ्याच वेळाने पोस्टमनने तिला पाहिलं. ती वाचली, पण तिचा एक हात आता नीट चालत नाही असं कळलं. मॅनेजरने व्हिडिओ कॉलवर बोलावलं, रागावली वगैरे नाही, गोड आवाजात म्हणाली की शंका असली की पाठवत जा. तेव्हापासून मी प्रत्येक क्लिप घाबरत ऐकत होते. काकांचं ते दहा मिनिटांचं वाक्य डोक्यात घण घालायचं.

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांची एक जुनी स्कूटर होती, ती गल्लीत वळताना सायलेन्सरमधून बार काढायची. एकदा नाही, दोन-तीनदा, ठो... ठो-ठो. राजापेठेतली आमची अख्खी गल्ली दचकायची, म्हाताऱ्या बाहेर यायच्या. मग बाबा हात वर करून, आधी थोडंसं हसून, ठरलेलं वाक्य म्हणायचे — "काही नाही जी, आपलीच गाडी होय!" आमच्याकडे प्रत्येकाला 'जी' लावतात, लहानालासुद्धा, आणि 'आहे'च्या जागी 'होय' म्हणतात. मंदार अजून मला त्यावरून चिडवतो.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी प्रॅक्टिकलचं जर्नल घरी विसरले. बाबा ते घेऊन कॉलेजच्या गेटवर आले. स्कूटरने नेमका तिथेच बार काढला, मैत्रिणी किंचाळल्या आणि बाबांनी हात वर करून आपलं वाक्य म्हटलं. मळका शर्ट, पायात स्लीपर. एका मुलीने विचारलं, "कोण गं हे?" मी म्हटलं, "शेजारचे काका आहेत." हळू म्हटलं होतं, पण बाबांना ऐकू गेलं. त्यांनी जर्नल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे घ्या, तुमच्या बाबांनी पाठवलं." आणि निघून गेले.

घरी त्यावर कधी एक शब्द झाला नाही. त्यांनी काढला नाही आणि मी तर कशाला काढते! बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा आवाज कुठेही रेकॉर्ड केलेला नाही, दिवसभर आवाज ऐकणाऱ्या बाईच्या घरात वडिलांची एक ओळसुद्धा नाही.

तर तो रविवार. ऑक्टोबर महिना, लख्ख ऊन, दुपारचे तीन वाजून सतरा मिनिटं. माझी बारा ते आठची शिफ्ट. वरती इरा मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, ड्रायरमध्ये टॉवेल फिरत होते. स्क्रीनवर क्लिप आली. इथून अडीच तासांवरचं शहर, घरांच्या दोन रांगांमागची गल्ली. कॉम्प्युटरचं मत, गनफायर.

मी ऐकलं. ठो... ठो-ठो.

पहिला विचार आला की ही गाडी आहे, बॅकफायर. मधलं अंतर बंदुकीसारखं नव्हतं, आणि प्रत्येक आवाजाच्या मागे एक फुसफुस होती. दुसरा विचार आला तो पायऱ्यांवर पडलेल्या बाईचा. आणि तेवढ्यात, क्लिपच्या शेवटच्या सेकंदात, कुणीतरी थोडंसं हसलं आणि म्हणालं,

"काही नाही जी, आपलीच गाडी होय."

मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं. मागे कपड्यांची टोपली होती. मी क्लिप पुन्हा लावली. पुन्हा तेच. अंधुक वगैरे नाही, वाऱ्यात काहीतरी भास झाला असंही नाही. माझ्या वडिलांचा आवाज, 'जी' म्हणताना थोडा वर जाणारा, तपकिरीने जरा बसलेला. तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदाही होता.

स्क्रीनवर सेकंद उलटे जात होते. बावीस राहिले होते.

मला भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही वाटली. मला संकोच वाटला. खरं सांगते, अगदी कॉलेजच्या गेटवरचा संकोच. 'यस' केलं तर खालची ओळ उघडणार, काय बोललं गेलं ते लिहा, भाषा लिहा. मग मी काय लिहू? मराठी? इलिनॉयमधल्या त्या मागच्या गल्लीत? दुसरा रिव्ह्यूअर ऐकेल, त्याला काही ऐकू येणार नाही, मॅनेजर पुन्हा गोड आवाजात बोलावेल आणि विचारेल, सगळं ठीक आहे ना घरी? तीन आठवड्यांत दुसरी भानगड. लोक म्हणतील बाईला भास होतात.

नऊ सेकंद राहिले असताना मी 'नो' केलं आणि गनफायर दाबलं.

क्लिप गेली. मग मी ती चौथ्यांदा लावली. तीन बार आणि लांब कुठेतरी एक कुत्रा. बाकी काही नाही. पाचव्यांदा, दहाव्यांदा — काही नाही. वर जाऊन चहा केला. इरा म्हणाली, "आई, यू ओके?" मी म्हटलं, "टॉवेल काढ गं ड्रायरमधून."

मंगळवारी ईमेल आली. त्या गल्लीत मिस्टर हॅरिस नावाचे गृहस्थ आपला जुना ट्रक दुरुस्त करत होते. वय बहात्तर, निवृत्त स्कूल बस ड्रायव्हर, काळे, कानाला कमी ऐकू येतं. पोलीस चार मिनिटांत पोचले. हॅरिस बॉनेटमध्ये वाकलेले, हातात पाना. मागून ओरडलेलं त्यांना कळलं नाही, कळलं तेव्हा ते पाना हातात घेऊनच वळले. दोघांनी त्यांना काँक्रीटवर पालथं पाडलं. खुब्याचं हाड मोडलं. बंदूक अर्थातच कुठेच नव्हती. आणि वर त्यांच्यावरच केस, की त्यांनी पोलिसांना प्रतिकार केला.

कंपनीने माझी नोंद तपासली. माझं काही चुकलेलं निघालं नाही. कॉम्प्युटर गनफायर म्हणाला होता, मीही म्हणाले, वेळेत म्हणाले, चौकोन भरलेला होता. मॅनेजर म्हणाली, तू अगदी प्रोसिजरप्रमाणे केलंस. मी "थँक यू" म्हटलं.

डिसेंबरमध्ये त्या शहराच्या कौन्सिलसमोर चर्चा ठेवली होती की हे मायक्रोफोन पुढे चालू ठेवायचे की काढायचे. कंपनीने मला सोबत नेलं. ऐकणारी माणसं खरी असतात हे दाखवायला एक खरं माणूस हवं होतं, आणि मी बरी दिसते, आई आहे, सावकाश बोलते. दुपारी चारला सुरू झालं. बाहेर बर्फ, आत हॉल खचाखच भरलेला. प्रत्येकाला दोन मिनिटं.

एक आई बोलली. तिचा मुलगा दोन ब्लॉक पलीकडे एकटा पडून गेला होता, कुणीही फोन केला नव्हता. ती म्हणाली, मला ते माइक हवेत, माझ्या दारावर लावा हवा तर. ती रडली नाही, कागद घडी करून बसली, आणि मला वाटलं की हिचं अगदी बरोबर आहे. मग हॅरिसची मुलगी उठली. नर्स आहे ती. तिने पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ लावायला सांगितला.

व्हिडिओत हॅरिस पालथे होते. एक गाल जमिनीवर. एक पोलीस त्यांच्या पाठीवर गुडघा टेकून होता. आणि हॅरिस आधी थोडंसं हसले — लोकांना दचकवल्यावर माणूस ओशाळून हसतो ना, तसे — आणि म्हणाले,

"इट्स नथिंग, सर. दॅट्स जस्ट अवर ओन ट्रक."

काही नाही जी. आपलीच गाडी होय.

शब्दाला शब्द. 'सर'सुद्धा. व्हिडिओवर वेळ होती तीन वाजून बावीस मिनिटं. मी ते वाक्य तीन सतराला ऐकलं होतं, पाच मिनिटं आधी, मराठीत. मी दचकून खुर्चीतून अर्धवट उठले. हॅरिसची मुलगी सांगत होती की आई जाऊन सात वर्षं झाली, घरात डॅडी एकटेच, पण अजून 'अवर ट्रक'च म्हणतात.

मग माझी पाळी आली. कौन्सिलमधल्या एका बाईंनी माझी नोंद वाचून दाखवली आणि विचारलं, "तुम्ही इथे माणसाच्या आवाजापुढे 'नो' लिहिलंय. त्या क्लिपमध्ये तुम्हाला कुणाचाही आवाज ऐकू आला नव्हता?"

मी म्हटलं, "नो, मॅम."

त्यांनी क्लिप हॉलमधल्या स्पीकरवर लावली. ठो... ठो-ठो. कुत्रा. मीही कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. लोकांनी माना हलवल्या आणि मी माझ्या जागेवर येऊन बसले.

ब्रेकमध्ये पाण्याच्या नळाशी उभी होते, तिथे हॅरिस आले, काठी टेकत, मुलीच्या हाताला धरून. उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट, कानात मशीन. मी व्हिडिओच्या वेळी दचकले ते त्यांनी पाहिलं होतं. आजूबाजूला रडणारे, रागावणारे पुष्कळ होते, दचकलेली मी एकटीच. ते सरळ म्हणाले, "तुम्ही ते वाक्य आधी ऐकलंय."

मला खोटं बोलता आलं असतं. नुकतंच दोनशे लोकांसमोर बोलून आले होते. पण त्या माणसाच्या तोंडावर जमलं नाही. मी सगळं सांगितलं. बाबा, स्कूटर, तीनदा ऐकलेलं, चौथ्यांदा गायब झालेलं. मुलगी माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघत होती. हॅरिस मात्र मान खाली घालून, चांगला कान माझ्याकडे करून ऐकत होते.

"काय करायचे तुमचे वडील?" त्यांनी विचारलं.

"सरकारी ऑफिसात कारकून होते."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं की ती गाडी आहे."

"हो."

"आणि तुम्ही 'नो' लिहिलंत."

"हो," मी म्हटलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त काठी या हातातून त्या हातात घेतली.

मुलगी म्हणाली, "हे पाहा, तुमच्या वडिलांबद्दल कुणाला काही सांगू नका. आमच्या वकिलाला एवढंच हवंय की तुम्हाला शंका होती. बटण दाबण्याआधी ती गाडी असेल असं तुम्हाला वाटलं होतं. एक वाक्य, तुमच्या सहीने. पोलिसांना पाठवणारा इशाराच कच्चा होता हे दिसलं की डॅडींवरची केस टिकणार नाही." तिने एका कागदावर नंबर लिहून दिला आणि माझाही घेतला.

मी कागद घेतला आणि म्हटलं, "लेट मी सी."

तुम्हाला मराठीत सांगायला नको. आपण 'बघते' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वर्गणी मागायला आलेल्याला आपण 'बघतो' म्हणतो, नको असलेल्या स्थळाला 'बघू' म्हणतो. समोरच्यालाही कळतं, तो पुन्हा विचारत नाही, दोघांची अब्रू राहते. मी 'बघते'च म्हणाले होते, फक्त इंग्रजीत. हॅरिसना ते कसं कळावं? त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "थँक यू. गॉड ब्लेस यू." त्यांना वाटलं मी हो म्हणाले.

मायक्रोफोन एक वर्षासाठी चालू ठेवायचं ठरलं. त्या मुलाच्या आईचा विचार केला तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, आणि हॅरिसचा विचार केला तर आहे. यातलं बरोबर काय हे मला खरोखर ठरवता येत नाही, आणि आता मला कुणी विचारूही नये.

जानेवारीत शिरीषकाकांना आवाजाबद्दल सांगितलं. डॉक्टर माणूस, म्हटलं काहीतरी कारण सांगतील. "अगं, गेलेल्या आईवडिलांचे आवाज भल्याभल्यांना ऐकू येतात," काका म्हणाले. "त्या पायऱ्यांवरच्या बाईचा ताण होता तुझ्यावर. बॅकफायर ऐकलास, मेंदूने बाबा आणून बसवले. सोपं आहे."

"आणि हॅरिसांचं वाक्य, काका? पाच मिनिटांनी, तेच?"

"गाडीचा बार निघाल्यावर दुसरं काय म्हणणार माणूस? योगायोग." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी काही चूक नाही बेटा. तू काय ऐकलंस ते सांगितलंस ना, संपलं."

मी काकांना चौकोनाबद्दल सांगितलं नव्हतं. कौन्सिलसमोर काय बोलले तेही नाही. त्यांनी माफ केलं ते दुसऱ्याच कुणाला, आणि मी ते मुकाट्याने घेऊन घरी आले. इराने परवा विचारलं की तुझ्या हातून कधी कुणाला हर्ट झालं का गं. मी म्हटलं, सगळ्यांकडूनच चुका होतात. ती बेसमेंटमध्ये उतरली आणि ऑफिसच्या दारावरची पाटी काढून घेऊन गेली.

फेब्रुवारीत मी नोकरी सोडली. कारण लिहिलं, कौटुंबिक. सोडण्याआधी आमच्या एका ऑडिओ इंजिनिअरकडून ती क्लिप तपासून घेतली, थातुरमातुर बहाणा करून. त्याने ते शेवटचे सेकंद उकलून पाहिले. माणसाच्या आवाजाची खूणसुद्धा नाही, आणि कुणी काढून टाकल्याचीही नाही. माझ्या कानाला तीनदा काय ऐकू आलं, एका अमरावतीच्या कारकुनाने एका अनोळखी म्हाताऱ्याचं वाक्य पाच मिनिटं आधी का म्हणावं, याचं माझ्याकडे आजही काहीच उत्तर नाही. ग्रुपवर कुणाकडे असेल तर सांगा, मी हसणार नाही.

मी 'नो' का लिहिलं याचं उत्तर मात्र आहे, ते मी वर लिहिलंच आहे. बाबा तेव्हा गेटवर आले होते तसेच आले होते, विसरलेली वस्तू हातात द्यायला. आणि मी त्यांना पुन्हा ओळख दिली नाही. तेव्हा फार तर त्यांचं मन दुखावलं. या वेळी एका माणसाचं हाड मोडलं.

हॅरिसांनी दोनदा व्हॉइसमेल ठेवला आहे. पहिल्यात म्हणाले, घाई नाही. दुसऱ्यात तारीख सांगितली, कोर्टाची, पुढच्या महिन्यातली, आणि म्हणाले, तुम्ही बघते म्हणाला होतात म्हणून आठवण केली. खुब्याबद्दल एक शब्द नाही. मी दोन्ही अनेकदा ऐकलेत. ते वाक्य, जे त्यांच्या वकिलाला हवं आहे, ते माझ्या फोनमध्ये टाइप केलेलं पडून आहे. इंग्रजीत सतरा शब्द. पाठवायला बोट पुढे नेते आणि कौन्सिलसमोरचं माझं "नो, मॅम" आठवतं. ते तिथे रेकॉर्ड झालंय, आणि सही केली की कोर्टात पुन्हा विचारतील, आणखी काय ऐकलं होतं. मग मी फोन पालथा ठेवते.

त्यांना सतरा शब्द हवे होते. मी इथे एवढं सगळं लिहिलं, खोट्या नावाने, मराठीत. मिस्टर हॅरिसना मराठी वाचता येत नाही.